फेलूदाचा जनक: सत्यजित राय यांची दुसरी कारकीर्द

१/
मे १९६१. सत्यजित राय यांना नुकतीच चाळीस वर्षे पूर्ण झाली होती. 'पथेर पांचाली'पासून सुरू झालेली अपूची चित्रत्रयी पूर्ण होऊन दोन वर्षे लोटली होती. रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीनिमित्तचा माहितीपट आणि 'तीन कन्या' हा चित्रपट, दोन्ही त्याच वर्षीचे. जगभरातील चित्रपट महोत्सवांत ज्याच्या नावाची चर्चा होती, अशा या दिग्दर्शकाने नेमक्या त्याच महिन्यात एक आतबट्ट्याचा उद्योग आरंभला. मुलांचे एक बंद पडलेले मासिक त्याने पुन्हा सुरू केले.

२/
मासिकाचे नाव 'संदेश'. बंगालीत या शब्दाचे दोन अर्थ: निरोप आणि छेन्याची ती प्रसिद्ध मिठाई. मुलांच्या मासिकाला याहून चपखल नाव सापडणे कठीण.
या मासिकातूनच फेलूदा जन्मला, प्रोफेसर शंकू जन्मला आणि बंगालच्या किमान तीन पिढ्यांचे कुमारवय या दोघांच्या सोबतीने सरले. चित्रपटाच्या इतिहासात राय यांच्यावर ग्रंथच्या ग्रंथ लिहिले गेले. त्यांत त्यांच्या कुमारसाहित्याला बहुधा एखाद्या प्रकरणाची जागा मिळते, कधी केवळ तळटीपेची. हा धागा त्या तळटीपेविषयी आहे.

३/
ही कथा सुरू होते छापखान्यात, आणि तीही राय यांच्या जन्माच्या जवळजवळ तीन दशके आधी.
आजोबा उपेंद्रकिशोर राय चौधरी (१८६३-१९१५) हे लेखक, चित्रकार, व्हायोलिनवादक आणि ब्राह्मो समाजाचे अनुयायी. मुलांसाठी त्यांनी रामायण लिहिले, त्यासाठी चित्रे काढली. पण पुस्तक छापून आले तेव्हा चित्रांची पार रया गेली होती. त्या काळी देशी छपाईत चित्र म्हटले की लाकडी ठसा. मूळ रेषेतील नाजूकपणा त्यात उतरतच नसे. दुसऱ्या कोणी लेखकाने मुद्रकाला दोष दिला असता. उपेंद्रकिशोरांनी इंग्लंडहून यंत्रसामग्री मागवली आणि स्वतःच मुद्रणशास्त्राचा अभ्यास सुरू केला.

४/
त्यांच्यापुढचा प्रश्न समजून घेण्याजोगा आहे. छापखान्याची शाई एक तर कागदावर उमटते किंवा उमटत नाही; फिकट शाई असा प्रकार नसतो. मग छायाचित्रातील करड्या छटा छापायच्या कशा? उत्तर होते 'हाफटोन'. बारीक जाळीच्या काचेतून चित्राचे पुन्हा छायाचित्र घ्यायचे, म्हणजे सगळे चित्र ठिपक्यांत विभागले जाते. गडद भागात मोठे ठिपके, उजळ भागात लहान. डोळा ते एकत्र करून छटा पाहतो.
ही जाळी काचपट्टीपासून किती अंतरावर ठेवावी, भिंगाचे छिद्र कोणत्या आकाराचे असावे, हे तोवर बरेचसे अंदाजाने ठरे. उपेंद्रकिशोरांनी त्याला गणिताची बैठक दिली. १८९७ पासून त्यांचे या विषयावरील लेख 'पेनरोज' या ब्रिटिश मुद्रण वार्षिकात प्रसिद्ध होत गेले. कलकत्त्यात बसून, कोणत्याही मुद्रणविद्यालयात पाऊल न ठेवता केलेले हे काम होते.

५/
(जाता जाता: याच दशकात, १८९४ मध्ये, मुंबईत गिरगावात राजा रविवर्म्याचा छापखाना सुरू झाला. तिथे शिळाछापावर जर्मन तंत्रज्ञांच्या साहाय्याने देवदेवतांची रंगीत चित्रे निघत होती. देशाच्या दोन टोकांना दोन चित्रकार एकाच प्रश्नाशी झुंजत होते: आपले चित्र घरोघरी पोचवायचे कसे?)

६/
उपेंद्रकिशोरांच्या 'यू. राय अँड सन्स' या संस्थेने १९१३ मध्ये 'संदेश' सुरू केला. लेखन, चित्रे, ठसे, छपाई, सगळे एका घरातले. पुढे १००, गडपार रोड येथे त्यांनी घर बांधले तेव्हा छापखानाही त्याच वास्तूत आला. १९१५ मध्ये त्यांच्या 'गूपी गाइन बाघा बाइन' या कथेला 'संदेश'मध्ये स्थान मिळाले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ते निवर्तले. मासिकाची धुरा आली मुलाकडे.

७/
सुकुमार राय (१८८७-१९२३) हे लंडन आणि मँचेस्टर येथून मुद्रणविद्या शिकून आलेले. वडिलांचे शास्त्र त्यांनी उचललेच, पण बंगाली वाचक त्यांना ओळखतो तो निरर्थिकांचा सम्राट म्हणून. 'आबोल ताबोल' मधील कविता आणि त्यांसोबतचे स्वतः काढलेले विचित्र प्राणी यांना भारतीय बालसाहित्यात तोड नाही, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नसावी.
१९२१ मध्ये त्यांना काळा आजार जडला. त्याच शहरात डॉ. उपेंद्रनाथ ब्रह्मचारी या रोगावरील औषधावर काम करत होते. ते औषध सर्रास वापरात येण्याआधीच सुकुमार गेले. अंथरुणावर पडून त्यांनी 'आबोल ताबोल'ची मांडणी पूर्ण केली होती. १० सप्टेंबर १९२३ रोजी त्यांचा मृत्यू झाला. पुस्तक त्यानंतर नवव्या दिवशी प्रसिद्ध झाले. वय अवघे ३५.

८/
मुलगा सत्यजित तेव्हा अडीच वर्षांचाही नव्हता. त्याचा जन्म २ मे १९२१ चा, त्याच गडपारच्या घरातला.
छापखाना आणखी काही वर्षे चालला. बालपणीच्या आठवणींच्या पुस्तकात राय यांनी त्याचे जे चित्र रेखाटले आहे ते विलक्षण आहे. टर्पेंटाइनचा वास, खिळे जुळवणारे कारागीर, आणि छायाचित्रकक्षातला तो प्रचंड कॅमेरा. लहानगा सत्यजित कागदावर काहीतरी गिरबटून नेई आणि 'हे संदेशसाठी' असे सांगे. तिथला कर्मचारी गंभीरपणे मान डोलावून त्याला उचलून घेई आणि कॅमेऱ्याच्या काचेवर ते चित्र उलटे कसे दिसते ते दाखवी.
काचेवरील चौकटीत पाहण्याचा हा त्याचा पहिला अनुभव.

९/
त्यानंतर सगळेच संपले. संस्थेचे दिवाळे निघाले, 'संदेश' बंद पडला, घर गेले. आई सुप्रभा मुलाला घेऊन भवानीपूरला आपल्या भावाकडे राहायला गेल्या आणि एका महिला संस्थेत शिकवू लागल्या. पुढे 'संदेश' थोडा काळ पुन्हा निघाला, पण तगला नाही.
म्हणजे सत्यजित राय यांना वारशात काय मिळाले? छापखाना नव्हे, पैसा नव्हे. एक बंद मासिक, आणि ज्यांच्याविषयी सगळे कलकत्ता बोलत असे पण ज्यांचा सहवास आपल्याला लाभला नाही, अशा दोन माणसांची पुस्तके.

१०/
प्रेसिडेन्सी महाविद्यालयातून अर्थशास्त्राची पदवी घेतल्यावर, मुख्यतः आईच्या आग्रहास्तव, ते १९४० मध्ये शांतिनिकेतनच्या कलाभवनात दाखल झाले. नंदलाल बोस आणि विनोदबिहारी मुखर्जी हे तिथले गुरू. आपण मोठे चित्रकार होणार नाही हे त्यांना लवकरच उमगले. परंतु रेषेत दम कसा असावा, रिकामी जागा कशी राखावी, हे ते तिथे शिकले.
याच काळात सहाध्यायांसह तिसऱ्या वर्गाने प्रवास करत त्यांनी अजिंठा, वेरूळ आणि घारापुरी पाहिली. हे ध्यानात ठेवावे. वेरूळ पुढे परत येणार आहे.

११/
डिसेंबर १९४२ मध्ये जपानी विमानांनी कलकत्त्यावर बॉम्ब टाकले. अभ्यासक्रम अर्धवट सोडून राय घरी परतले आणि एप्रिल १९४३ मध्ये डी. जे. केमर या ब्रिटिश जाहिरातसंस्थेत नोकरीला लागले. पगार महिना ८० रुपये.
तिथले सहकारी दिलीपकुमार गुप्त यांनी 'सिग्नेट प्रेस' ही प्रकाशनसंस्था काढली आणि मुखपृष्ठांचे काम राय यांच्यावर सोपवले. नेहरूंच्या 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया'च्या सिग्नेट आवृत्तीचे मुखपृष्ठ त्यांचे. जीवनानंद दासांच्या 'वनलता सेन'चेही. बंगाली पुस्तकाचे रूप पालटले ते या काही वर्षांत. त्याआधी मुखपृष्ठ म्हणजे आतील मजकुराचे वेष्टन होते. राय यांच्या हातून ते मजकुराचा पहिला परिच्छेद होऊ लागले.

१२/
सिग्नेटच्या कामातच एक कलाटणी दडलेली होती. विभूतिभूषण बंद्योपाध्याय यांच्या 'पथेर पांचाली' या कादंबरीची मुलांसाठी संक्षिप्त आवृत्ती निघणार होती. नाव 'आम आँटिर भेंपू', म्हणजे आंब्याच्या कोयीची पुंगी. त्यासाठी चित्रे काढताना राय यांना जाणवले की यात चित्रपट आहे. त्या चित्रांतील काही प्रसंग दहा वर्षांनी पडद्यावर जवळजवळ तसेच अवतरले.
'पथेर पांचाली'ची निर्मितीकथा सांगताना पैशांची चणचण, गहाण पडलेली विमा पॉलिसी, लंडनमध्ये पाहिलेला 'बायसिकल थीव्ह्ज' या गोष्टी हमखास येतात. पण भारतीय चित्रपटाच्या इतिहासातील या घटनेचा आरंभ मुलांच्या पुस्तकाच्या सजावटीतून झाला, यावर क्वचितच कोणी रेंगाळते.

१३/
आता पुन्हा मे १९६१.
कवी सुभाष मुखोपाध्याय यांच्यासोबत राय यांनी 'संदेश'चे पुनरुज्जीवन केले. अंक काढायचा म्हणजे मजकूर हवा. पहिल्या अंकासाठी त्यांनी एडवर्ड लिअरच्या एका निरर्थिकेचे बंगाली रूपांतर केले. तोवर त्यांनी बंगालीत कथालेखन असे फारसे केलेच नव्हते. त्याच वर्षी आला प्रोफेसर शंकू, पुढच्या वर्षी 'बंकुबाबूंचा मित्र' ही परग्रहवासीयाची कथा.
म्हणजे लेखक होता म्हणून मासिक काढले असे झाले नाही. मासिक काढले आणि त्याची पाने भरता भरता लेखक घडला.

१४/
मासिक कधीच नफ्यात नव्हते. पुढे ते सहकारी संस्थेमार्फत चालवले गेले आणि त्या संस्थेला सुकुमारांचे नाव दिले गेले. संपादनात लीला मजुमदार आणि नलिनी दास सामील झाल्या. लीलाताई या सुकुमारांच्या चुलतबहीण, नलिनीताई या सत्यजित यांच्या आतेबहीण. दोघीही स्वतः उत्तम लेखिका. 'संदेश' तगला तो राय यांच्या नावामुळे खरा, पण दर महिन्याला वेळेवर निघाला तो या दोघींमुळे. बंगालबाहेर त्यांचे श्रेय फारसे कोणाला ठाऊक नाही.

१५/
शंकूच्या कथा दैनंदिनीच्या रूपात आहेत. गिरिडीहमध्ये राहणारा हा विक्षिप्त शास्त्रज्ञ, त्याचे मांजर न्यूटन, आणि सर्व रोगांवर चालणारी त्याची गोळी. सुरुवातीच्या कथेत त्याचा सूर सरळसरळ विनोदी आहे. त्याचा पूर्वज ओळखणे अवघड नाही: सुकुमारांनी १९२२ च्या सुमारास 'संदेश'मध्येच 'हेशोराम हुशियारची डायरी' लिहिली होती. ज्या पित्याचा चेहराही आठवत नाही, त्याच्या एका पात्राला मुलाने ४० वर्षांनी धाकटा भाऊ दिला.
'बंकुबाबू'च्या कथेतील परग्रहवासीयाची कल्पनाही वाया गेली नाही. तिच्यातून १९६७ मध्ये 'द एलियन' ही पटकथा निघाली. हॉलिवूडशी बोलणी झाली, चित्रपट मात्र झाला नाही.

१६/
आणि डिसेंबर १९६५ च्या 'संदेश'मध्ये आला प्रदोषचंद्र मित्तिर ऊर्फ फेलूदा.
वय सत्तावीसच्या आसपास, उंचापुरा, चारमिनार ओढणारा, अफाट वाचन असलेला. कथा सांगतो त्याचा चौदा वर्षांचा चुलतभाऊ तोपशे. ही निवड महत्त्वाची आहे. होम्सची गोष्ट डॉ. वॉटसन हा प्रौढ माणूस सांगतो. फेलूदाची गोष्ट वाचकाच्याच वयाचा मुलगा सांगतो. त्यामुळे जे तोपशेला ठाऊक नाही ते विचारायला वाचकाला संकोच वाटत नाही, आणि फेलूदाही समजावून सांगताना कंटाळत नाही.

१७/
इथे राय यांच्यापुढे एक अडचण होती. प्रौढांच्या रहस्यकथेचे इंधन म्हणजे व्यभिचार, वासना, हिंसा. 'संदेश'चा वाचक दहा ते पंधरा वर्षांचा. ते सारे वर्ज्य. मग गुन्हा उरतो कोणता? राय यांनी शोधलेले उत्तर इतिहासाच्या वाचकांना सुखावणारे आहे. फेलूदाच्या जगात चोरीला जाते ती मोगलकालीन अंगठी, जुनी पोथी, दुर्मिळ मूर्ती. गुन्हेगार बहुधा असा असतो, ज्याला प्राचीन वस्तूची किंमत कळते पण मोल कळत नाही.
या बंधनाची दुसरी बाजूही नोंदवायला हवी. फेलूदाच्या कथांत स्त्रिया जवळजवळ नाहीतच. कुमारांसाठी लिहायचे म्हणून प्रेमप्रकरणे टाळली, हे समर्थन समजते. पण म्हणून आई, बहीण, शेजारीण, शिक्षिकाही गायब व्हाव्यात हे पटत नाही. लीला मजुमदारांच्या आणि नलिनी दासांच्या कथांतील मुली त्याच मासिकाच्या पानांवर हिंडत असताना तर मुळीच नाही.

१८/
१९७३ ची 'कैलाशे केलेंकारी' ही कादंबरी महाराष्ट्राच्या वाचकाने मुद्दाम वाचावी. भुवनेश्वरच्या राजाराणी मंदिरातील यक्षीचे शिर कापून चोरले जाते आणि परदेशी विकण्याचा घाट घातला जातो. माग काढत फेलूदा पोचतो तो औरंगाबादला आणि तिथून वेरूळच्या कैलास लेण्यापाशी.
काळ पाहावा. मूर्तितस्करी हा तेव्हा देशातील ज्वलंत प्रश्न होता आणि पुरावस्तूंच्या निर्यातीला आळा घालणारा कायदा संसदेने आदल्याच वर्षी, १९७२ मध्ये, संमत केला होता. कायद्याची भाषा चौदा वर्षांच्या मुलाला कळत नाही. देवळातली मूर्ती तुटली की नेमके काय तुटते, हे मात्र तो या कादंबरीतून समजू शकतो. विद्यार्थिदशेत तिसऱ्या वर्गाने केलेला तो प्रवास तीस वर्षांनी असा फळाला आला.

१९/
तोपर्यंत या जोडीला तिसरा गडी येऊन मिळाला होता. 'सोनार केल्ला' (१९७१) मध्ये लालमोहन गांगुली ऊर्फ 'जटायू' अवतरले: भरमसाट खपाच्या साहसकथांचे लेखक, ज्यांच्या पुस्तकांत उंटाच्या पोटापासून सगळ्याच माहितीचा घोळ. फेलूदा त्यांच्या चुका शांतपणे दुरुस्त करतो आणि लालमोहनबाबू पुढच्या आवृत्तीत सुधारणा करण्याचे आश्वासन देतात. माहितीची खातरजमा न करता लिहिणाऱ्या लेखकांवर इतकी प्रेमळ टीका क्वचितच झाली असेल.
'बोम्बाइयेर बोम्बेटे' मध्ये याच लालमोहनबाबूंच्या कादंबरीवर हिंदी चित्रपट निघतो आणि त्रिकूट मुंबईत येते. हिंदी मसालापटाची तिथे उडवलेली खिल्ली आजही ताजी वाटते.

२०/
चित्रांविषयी स्वतंत्रपणे बोलायला हवे, कारण राय यांच्या कथा आणि चित्रे वेगळी काढता येत नाहीत.
आपल्या कथांची सजावट ते बहुतेक स्वतःच करत. 'संदेश'मधील इतरांच्या कथांचीही कितीतरी. शंकूसाठी एक शैली, फेलूदासाठी दुसरी, भयकथेसाठी तिसरी. कधी कुंचल्याचे सपाट काळे फटकारे, कधी टाकाच्या बारीक आडव्याउभ्या रेषा. फेलूदाच्या चित्रांत चित्रपट दिग्दर्शकाची नजर लपत नाही: कॅमेरा जमिनीलगत ठेवल्यासारखा कोन, दारातून पडलेली सावली, पुढ्यात मोठा हात आणि मागे लहानसा माणूस. आणि रहस्य फुटेल असे काहीही चित्रात येऊ न देण्याची खबरदारी.
अक्षरांवरही त्यांचा तितकाच जीव. त्यांनी घडवलेल्या 'रे रोमन' आणि 'रे बिझार' या रोमन अक्षरवळणांना १९७१ मध्ये आंतरराष्ट्रीय स्पर्धेत पुरस्कार मिळाला होता.

२१/
एक गमतीचा दाखला. पहिल्या चित्रांतील लालमोहनबाबू निराळे दिसतात. १९७४ मध्ये 'सोनार केल्ला'वर राय यांनी स्वतः चित्रपट काढला. सौमित्र चटर्जी फेलूदा झाले आणि संतोष दत्त लालमोहनबाबू. संतोष दत्तांनी ती भूमिका अशी काही केली की पुढच्या पुस्तकांतील चित्रांत लालमोहनबाबूंचा चेहराच त्यांच्यासारखा होऊन गेला. नटाने पात्र उभे करावे हे नेहमीचे. नटाने लेखकाच्या हातातील टाक वळवावा हे दुर्मिळ. १९७९ च्या 'जय बाबा फेलूनाथ'नंतर राय यांनी फेलूदावर पुन्हा चित्रपट दिग्दर्शित केला नाही, आणि १९८८ मध्ये संतोष दत्त गेल्यावर तर तो विचारच संपला.

२२/
आता पैशांची बाजू, जी चरित्रकार बहुधा घाईने उरकतात.
राय यांचे चित्रपट नावाजले गेले, पण त्यांतून फार पैसा मिळाला नाही. घर चालत असे ते मुख्यतः पुस्तकांवर. सत्तरच्या दशकापासून फेलूदाची नवी कादंबरी 'देश'च्या पूजा अंकात येऊ लागली. आपल्याकडे दिवाळी अंकाचे जे स्थान, तेच तिकडे पूजा अंकाचे. अंक घरात आला की आधी कोणी वाचायचा यावरून भांडणे होत. त्यानंतर पुस्तक निघे आणि खपत राही. निर्मात्याच्या दडपणाखाली न येता हवा तोच चित्रपट काढण्याचे स्वातंत्र्य राय यांनी शेवटपर्यंत जपले. त्या स्वातंत्र्याची किंमत बऱ्याच अंशी बंगालमधील शाळकरी मुलांनी खाऊच्या पैशांतून चुकती केली होती.

२३/
१९६९ चा 'गूपी गाइन बाघा बाइन' हा या साऱ्या धाग्यांचा संगम. मुलगा संदीपने लहान मुलांसाठी चित्रपट काढण्याचा हट्ट धरला. गोष्ट निवडली ती आजोबांची, १९१५ च्या 'संदेश'मधली. पटकथा, गीते, संगीत, वेशभूषेची रेखाटने, सारे स्वतःचे. कलकत्त्यात चित्रपटाने गर्दीचे विक्रम मोडले. परदेशी समीक्षकांना मात्र तो उमगला नाही. अपूच्या दिग्दर्शकाने भुते का नाचवावीत, हा त्यांचा प्रश्न होता. बंगाली प्रेक्षकाला तो प्रश्न पडलाच नाही. उपेंद्रकिशोरांचा नातू दुसरे काय करणार?

२४/
१९८३ मध्ये 'घरे बाइरे'चे काम चालू असताना राय यांना हृदयविकाराचे झटके आले. पुढची काही वर्षे चित्रीकरण अशक्य झाले. लिहिणे आणि चित्रे काढणे शक्य होते. बिशप लेफ्रॉय रोडवरील घरात, खिडकीजवळच्या खुर्चीत, गुडघ्यावर फळी टेकवून ते काम करत राहिले. फेलूदाच्या आणि शंकूच्या कथा येतच होत्या. कुमारवाचकांकडून येणाऱ्या पत्रांना ते शक्यतो स्वतः उत्तरे देत.

२५/
मराठीत फेलूदा आला तो अशोक जैन यांच्या अनुवादातून, रोहन प्रकाशनातर्फे. ज्यांना बंगाली येत नाही त्यांनी तिथून सुरुवात करावी; 'कैलास'च्या कथेपासून केली तर अधिक बरे, वेरूळची वाट तरी ओळखीची आहे.

२६/
२३ एप्रिल १९९२ रोजी सत्यजित राय गेले. ऑस्करचा जीवनगौरव आणि भारतरत्न हे दोन्ही त्यांना त्याच वर्षी, आजारपणात मिळाले.
त्या वर्षीच्या 'देश'च्या पूजा अंकात 'रॉबर्टसनेर रुबी' ही फेलूदाची नवी कादंबरी होती. शंकूच्या दोन कथा अपूर्ण राहिल्या होत्या. पुढे त्या तशाच, जिथे थांबल्या तिथपर्यंत, छापण्यात आल्या. 'संदेश'चे संपादन संदीप राय यांनी हाती घेतले.